बसलेली घडी दुसऱ्या मशीनवर नेताना

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) थांबवला, आणि त्याचे परिणाम आमच्या बेळगावजवळच्या खानापुरातल्या छोट्या दुकानांपर्यंत येऊन पोचले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. ऑनलाईन अर्ज भरून देणारी, टायपिंग करून देणारी जी दुकानं माझ्या पाहण्यात आहेत, त्यांतली निम्मी मशीन या अटीत बसत नाहीत. ती बिघडलेली नाहीत, रोज चालतात. मग लोक विचारायला लागले की विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली तर चालेल का.

माझ्या आतेभावाचं असंच दुकान आहे. डिझाईनच्या कामाचं एक मशीन त्यानं विंडोजवरच ठेवलं आणि बाकी तिन्हींवर आम्ही दोघांनी एका रविवारी लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार बसवला. पहिल्या मशीनवर मी दुपारभर बसून सगळं नीट लावलं: मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचे कळफलक, मोठी अक्षरं, मराठी शुद्धलेखनाचा कोश, स्कॅनरची फाईल कुठं पडावी ते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन.

"अरे, काल एवढं बसून सगळं लावलास, ते मधल्या मशीनवर काहीच नाही की. गेलं कुठं ते?"

"अण्णा, ते पहिल्या मशीनवर लावलं होतं. मधल्यावर परत लावायला पाहिजे."

"म्हणजे तीनदा? आणि उद्या डिस्क गेली तर चौथ्यांदा?"

अण्णाचा प्रश्न बिनतोड होता. मी बेळगावात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. घरचा लॅपटॉप, ऑफिसचं मशीन, एक मॅक आणि दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमधले सर्व्हर, अशा सगळ्यांवर दिवसातून आलटून पालटून बसतो. हा प्रश्न मला कित्येक वर्षांपूर्वी पडला होता आणि त्याचं उत्तर शोधताना मी बरंच गमावलंही आहे. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय.

## घडी राहते कुठे?

लाईट गेली तरी आईचा हात बरोबर हिंगाच्या डबीवर जातो. डबी तिनंच तिथं ठेवलेली असते आणि इतक्या वर्षांत हाताला ती जागा पाठ झालेली असते. तिलाच मावशीच्या स्वयंपाकघरात उभं करा. चहा होईल, पण साखर शोधण्यात वेळ जाईल. संगणकाचंही तसंच आहे. अक्षर किती मोठं, कळफलक कुठला, कुठल्या हुकमाला कुठलं टोपणनाव, कुठलं बटण दाबलं की काय उघडतं, या सगळ्याची मिळून आपली एक घडी बसते.

ही घडी कुठल्या गूढ जागी नसते. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झालं. लिनक्स आणि मॅक ही त्याच घराण्यातली. या घराण्यात घडीचा मोठा भाग साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेला असतो. त्यांना कॉन्फिग फायली म्हणतात. त्या तुमच्या होम फोल्डरमध्ये असतात, म्हणजे मशीनवर तुमच्या नावानं दिलेल्या खोलीत. त्यांतल्या बहुतेकांचं नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून त्या डॉटफायली.

टिंबानं सुरू होणारी फाईल यादीत दिसत नाही. याचं कारण मोठं रंजक आहे, आणि ते बेल लॅब्समध्येच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहून सांगितलं. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी आल्या. एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबं म्हणजे याच्या वरचं फोल्डर. फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएस या हुकमात या दोन नोंदी उगाच दिसू नयेत म्हणून एक तपासणी घातली गेली. ती पूर्ण नाव तपासायच्या ऐवजी फक्त पहिलं अक्षर तपासत होती: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्यामुळे टिंबानं सुरू होणारी प्रत्येकच फाईल दिसेनाशी झाली. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपापल्या कॉन्फिग फायलींना टिंबानं सुरू होणारी नावं द्यायला सुरुवात केली. पाइक यांच्या मते ती चूक होती. पन्नासहून अधिक वर्षं झाली, ती चूक आता जगभरच्या मशीनवर रीत होऊन बसली आहे.

तुमच्या लिनक्स मिंटवर होम फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच ही बटणं एकदम दाबा. इतके दिवस न दिसलेल्या फायली समोर येतील. त्यांतली एक डॉट बॅशआरसी. टर्मिनल म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, आणि बॅश म्हणजे तिथं तुमचे हुकूम ऐकणारा प्रोग्रॅम. शेवटची आरसी ही अक्षरं रनकॉम या शब्दातून आली. साठच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एका प्रणालीत हुकमांची यादी एका फटक्यात चालवायची जी सोय होती, तिचं हे नाव.

या फायली वाचायला सोप्या असतात. सर्व्हरशी जोडणी करणारा जो एसएसएच प्रोग्रॅम आहे, त्याच्या माझ्या कॉन्फिग फाईलमध्ये एका ठिकाणी दोन ओळी आहेत. वरची ओळ हॅशच्या खुणेनं सुरू होते. अशी ओळ मशीन वाचत नाही, ती माणसासाठी असते. मी तिथं मराठीत लिहिलंय: "पावसात घरची लाईन गप्प बसली की जोडणी तुटते, म्हणून दर साठ सेकंदांनी हाक." खालच्या ओळीत ती हाक मारायचा हुकूम. हा उपाय सापडायला मला एक अख्खा पावसाळा लागला होता, आणि तो सगळा या दोन ओळींत मावला. डिस्क जळाली तर जातं ते हे. मशीन बाजारात परत मिळतं.

## हाताची सवय एका मशीनची, मशीन दुसरं

युनिक्समध्ये आरएम हा पुसायचा हुकूम आहे. टर्मिनलमधून पुसलेलं कचरापेटीत जात नाही, थेट जातं. म्हणून घरच्या मशीनवर मी आरएमचं टोपणनाव करून ठेवलं होतं: आरएम म्हटलं की आधी विचार, खरंच पुसू का? हात निर्धास्त झाला होता. जास्त फायली निवडल्या गेल्या तरी मशीन थांबून विचारणारच, मग नको त्या वगळता येतील.

एकदा रात्री उशिरा एका ग्राहकाच्या सर्व्हरवर काम करताना तोच हुकूम त्याच भरवशानं दिला. तिथं माझी घडी नव्हती, टोपणनाव नव्हतं. मशीननं काही विचारलं नाही. स्कॅन केलेल्या पावत्यांचं एक फोल्डर गेलं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून बाकी सगळं परत आलं, पण त्या दिवसाच्या पावत्या तिथल्या कारकून बाईंना पुन्हा एकेक करून स्कॅन कराव्या लागल्या. दुपारपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून कागद देत होतो.

यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली, मूळ हुकमाचं नाव बदलून वेगळं वागायला लावू नये. त्याऐवजी स्वतःचं वेगळंच नाव ठेवावं. मग आपली घडी नसलेल्या मशीनवर ते नाव टाकलं तर मशीन म्हणतं, असा हुकूम सापडला नाही. काही पुसलं जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे घडी हौसेखातर असते असं मी तोवर समजत होतो. पण हात ज्या सवयीवर विसंबतो ती सवय मशीनगणिक बदलली की नुकसान होतं, आणि ते बहुधा दुसऱ्याचं होतं.

## पेनड्राईव्हवर कॉपी मारली की झालं ना?

अण्णानं पहिलं हेच विचारलं. एकदाच न्यायचं असेल तर खरंच झालं, कॉपी मारा. अडचण पुढच्या महिन्यात येते.

घरात लग्न निघालं की आमंत्रणाची यादी होते. एक प्रत गावी थोरल्या काकांकडे, तिचीच दुसरी प्रत बेळगावात आमच्याकडे. काका नंदगडची चार घरं वाढवतात. इकडे आम्ही शहापूरची तीन वाढवतो. रविवारी काका येतात, आपली यादी समोर ठेवतात आणि म्हणतात हीच खरी, जुनी फाडून टाका. शहापूरची तीन घरं गेली. ते कळतं कधी, तर लग्न झाल्यावर, कुणीतरी बोलून दाखवतं तेव्हा.

कॉपी मारणं म्हणजे हेच. आरसिंक नावाचा एक फार गुणी प्रोग्रॅम आहे, १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी केलेला. तो फाईल पूर्ण न पाठवता फक्त बदललेला भाग पाठवतो, त्यामुळे आमच्याकडच्या मंद लाईनवरही झटकन काम होतं. बॅकअपसाठी मी तो रोज वापरतो. पण तो एका दिशेनं नेतो. दोन्हीकडे बदल झालेले असतील तर कुठली बाजू खरी हे तुम्ही ठरवलेलं असायला हवं, आणि चुकीची दिशा दिलीत की शहापूर गेलं.

इंटरनेटवर फोल्डर आपोआप जुळवून ठेवणाऱ्या सेवा आहेत, त्यांचं काय? फोटोंना त्या उत्तम. दोन्हीकडे एकदम बदल झाला तर त्यांतल्या काही दुसरी प्रत वेगळ्या नावानं बाजूला ठेवतात, काही शेवटी आलेली खरी धरतात. शिवाय मी एका मशीनवर रात्री अर्धवट, मोडकी ओळ लिहून ठेवली तर ती पाच मिनिटांत सगळ्या मशीनवर जाऊन पोचते. कॉन्फिग फाईल मोडली की प्रोग्रॅमच उघडत नाही, म्हणजे सकाळी सगळीच मशीन आजारी. बदल कधी न्यायचा हे माणसाच्या हातात असलेलं बरं.

## काल काय होतं ते सांगणारी वही

इथं गिट उपयोगी पडतं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड त्यात ठेवतात, पण मजकुराच्या कुठल्याही फायलींना ते चालतं. ज्या फोल्डरवर गिट लक्ष ठेवतं त्याला रेपो म्हणतात. आपण एखादा बदल पक्का केला की त्याची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. नोंदीत तारीख असते, कोणी केलं ते असतं, कुठली ओळ गेली आणि कुठली आली ते असतं, आणि का केलं हे आपण एका वाक्यात लिहायचं असतं.

आता लग्नाच्या यादीकडे परत या. काकांची आणि आमची यादी गिटसमोर ठेवली तर ते आधी बघतं की दोन्ही याद्या कुठपर्यंत सारख्या होत्या. तिथून पुढे कोणी काय वाढवलं ते पाहून नंदगडची चार आणि शहापूरची तीन, दोन्ही घेतं. काकांनी जांबोटीच्या मामांकडचे चार लोक लिहिले आणि आम्ही तिथंच सहा लिहिले, तर मात्र गिट अंदाज करत बसत नाही. दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि थांबतं. ठरवायचं माणसानं. मला गिटचा हा स्वभाव फार आवडतो.

एक छोटी युक्ती सांगतो, कारण ती अण्णाच्या दुकानात फार कामाला आली. लिबरऑफिस या मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या शब्दाखाली लाल रेघ आली आणि आपण "कोशात टाका" म्हटलं की तो शब्द एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये जमा होतो, एका ओळीत एक. अण्णाच्या पहिल्या मशीनवर पंधरा दिवसांत जमलेले शब्द मी पाहिले: कणकुंबी, हलशी, लोंढा, येळ्ळूर, बेळगुंदी, गुंजी, मांडे. पुण्या-मुंबईकडच्या कुणाच्या कोशात हे शब्द आपणहून येणार नाहीत. आपल्या भागाचं मराठी असं एकेक ओळीनं साठत असतं. तिन्ही मशीनवर वेगवेगळे शब्द जमणार हे उघड होतं, आणि तिन्ही शेवटच्या ओळीखालीच वाढणार, म्हणजे गिट प्रत्येक वेळी थांबून विचारणार. त्यावर उपाय असा की त्या एका फाईलपुरतं गिटला सांगून ठेवायचं: भांडण आलं तर दोन्हीकडच्या ओळी ठेव. याला युनियन पद्धत म्हणतात. क्रम मागेपुढे होतो, क्वचित एखादा शब्द दोनदा येतो, पण शब्द गळत नाही. मात्र जुळवाजुळव करताना लिबरऑफिस बंद ठेवा, नाहीतर बंद होताना ते स्वतःकडची जुनी यादी त्या फाईलवर लिहायची शक्यता असते.

## अस्सल एकीकडे, पाटी दुसरीकडे

डॉटफायली होम फोल्डरभर विखुरलेल्या असतात. एक इथं, दोन डॉट कॉन्फिग नावाच्या फोल्डरात, एक आणखी आत. सगळं होम फोल्डरच गिटला देणं बरोबर नाही, कारण तिथं फोटो, डाउनलोड, ब्राउझरचा पसारा सगळंच असतं.

म्हणून बहुतेक लोक असं करतात. डॉटफायली नावाचं एक वेगळं फोल्डर करायचं, अस्सल फायली तिथं हलवायच्या आणि मूळ जागी सिमलिंक ठेवायची. गणपत गल्लीतलं दुकान हललं की जुन्या दारावर पाटी लागते, "दुकान मागच्या गल्लीत हलवले आहे". सिमलिंक म्हणजे तशी पाटी. प्रोग्रॅम नेहमीच्या दारावर येतो, पाटी वाचतो आणि आपणहून नव्या जागी जातो, त्याला फरक कळतही नाही. अशा पाट्या लावायचं काम हातानं करता येतं, किंवा जीएनयू स्टो हा जुना, साधा प्रोग्रॅम एका हुकमात सगळ्या लावून देतो. शिकायला तास पुरतो. मी नवख्या माणसाला हाच सुचवतो.

एक खोच लक्षात ठेवा. काही प्रोग्रॅम फाईल जतन करताना नवी फाईल लिहितात आणि तिला जुन्या नावावर बसवतात. म्हणजे पाटी काढून टाकून जुन्या जागीच परत दुकान थाटतात. मग तुम्ही केलेले बदल रेपोत येतच नाहीत आणि महिनाभर पत्ता लागत नाही. एखाद्या फाईलचे बदल गिटला दिसेनासे झाले की आधी पाटी जागेवर आहे का ते बघायचं.

आणि सगळंच मजकुरात नसतं. अण्णाचे तीन कळफलक कुठल्या डॉटफाईलमध्ये सापडेनात, कारण मिंटचा डेस्कटॉप अशा निवडी डीकॉन्फ नावाच्या साठ्यात ठेवतो, आणि तो माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरात नसतो. पण त्यातला हवा तो भाग मजकुरात उतरवून घेता येतो आणि दुसऱ्या मशीनवर परत भरता येतो. मी तो उतरवलेला मजकूर रेपोत ठेवला आणि मधल्या मशीनवर भरला. एका मिनिटात तिन्ही भाषा तिथं हजर.

त्या कळफलकांतलं एक नाव आपल्या भागातल्या वाचकांना सांगावंसं वाटतं. लिनक्समध्ये मराठीचा जो उच्चारानुसारी कळफलक मिळतो, त्याच्या नावात कगप अशी अक्षरं आहेत. कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्तु. नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर करणारी हीच संस्था. म्हणजे कन्नडसाठी बसवलेली कळांची जुळणी मराठीलाही लावून ठेवलेली आहे. अण्णाच्या दुकानात दोन्ही भाषांचे अर्ज येतात, आणि त्याची बोटं आता दोन्हींना एकाच जागी क शोधतात.

## एक शेतकरी, दोन राज्यांतले कागद

आता खरा अवघड भाग. सगळ्या मशीनवर हुबेहूब तीच फाईल चालत नाही.

आमच्याकडे अनेकांची थोडी जमीन बेळगाव तालुक्यात आणि थोडी चंदगड तालुक्यात असते. माणूस तोच, नाव तेच, कसणं तेच. पण चंदगडच्या रानाला महाराष्ट्राचा सातबारा आणि इकडच्या रानाला कर्नाटकाचा आरटीसी उतारा. रकाने वेगळे, भाषा वेगळी. एकाचा कागद दुसऱ्या तहसीलदाराकडे चालत नाही.

लिनक्स आणि मॅक यांचं तसंच आहे. २०१९ पासून नव्या मॅकवर बॅशऐवजी झेडशेल हा प्रोग्रॅम नेमलेला येतो, तो डॉट बॅशआरसी वाचत नाही, स्वतःची वेगळी फाईल वाचतो. एकाच नावाच्या हुकमाची रूपंही दोन्हीकडे थोडी वेगळी असतात. मजकुरात शोधून बदल करणारा सेड हा हुकूम फाईल जागीच बदलायची असेल तर मॅकवर एक जादा शब्द मागतो. तो दिला नाही तर भलताच अर्थ लावतो. आणखी एक अनुभव. माझ्या मशीनची भाषा मराठी ठेवलेली आहे. ती निवड सर्व्हरवर सोबत गेली आणि तिथं मराठी बसवलेलीच नव्हती, तर प्रत्येक हुकमाला सर्व्हर कुरकुरत इशारे छापत होता.

यावर साधा इलाज म्हणजे फाईलचे दोन भाग करायचे. सगळीकडे लागू असणारा भाग रेपोत. त्याच्या शेवटी एक ओळ: या मशीनची स्वतःची वेगळी फाईल असेल तर तीही वाच. ती वेगळी फाईल रेपोत जात नाही, मशीनवरच राहते. माझं नव्वद टक्के काम एवढ्यावर भागतं.

मशीन जास्त असतील, फरक जास्त असतील, तर शेमवा नावाचा प्रोग्रॅम बघा. फ्रेंचमध्ये याचा अर्थ "माझ्या घरी". यात तुम्ही कोरा नमुना लिहिता, त्यात रिकाम्या जागा असतात, आणि मशीन पाहून तो जागा भरतो: मॅक असेल तर ही ओळ, लिनक्स असेल तर ती, मशीनचं नाव अमुक असेल तर आणखी एक. एकाच शेतकऱ्याच्या माहितीवरून दोन्ही राज्यांचे कागद तयार व्हावेत, तसं. शिकायला वेळ लागतो. तीन मशीनच्या दुकानाला त्याची गरज नाही असं माझं मत.

## किल्ल्या या वहीत ठेवायच्या नाहीत

इथं कृपा करून थांबून वाचा.

होम फोल्डरात कॉन्फिगच्या शेजारीच गुपितंही असतात. एसएसएचच्या फोल्डरात दोन जुळ्या फायली असतात. एक सार्वजनिक किल्ली, ती कुणालाही दिली तरी चालते, ती कुलपासारखी आहे. दुसरी खासगी, ती खरी किल्ली. खासगी किल्ली कधीही रेपोत टाकू नका. तीच किल्ली सगळ्या मशीनवर फिरवूही नका. प्रत्येक मशीनवर नवी जोडी करा. एखादा लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचं एक कुलूप काढून टाकता येतं, बाकीची दारं सुरक्षित राहतात.

तसाच टर्मिनलचा इतिहास. आपण दिलेले सगळे हुकूम डॉट बॅश हिस्टरी या फाईलमध्ये जमतात, आणि कधीतरी घाईत पासवर्ड हुकमातच टाइप केलेला असतो. ती फाईलही बाहेर ठेवा.

बरेच जण आपला रेपो गिटहब या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा ठेवतात. दुसऱ्यांची घडी वाचून शिकता येतं, मीही खूप शिकलो. पण गिटची जी गोष्ट आपल्याला हवी म्हणून आपण ते घेतलं, तीच इथं अंगावर येते: गिट विसरत नाही. पासवर्ड चुकून नोंदीत गेला आणि दुसऱ्या नोंदीत पुसला, तरी पहिल्या नोंदीत तो तसाच असतो. कुणीही मागची पानं उलटून वाचू शकतो. असं झालं तर पुसत बसण्याआधी पासवर्ड बदला, किल्ली रद्द करा. सुरुवात खासगी रेपोनं करा, आणि गुपितं तिथंही नकोतच.

## "आमच्याकडे नेट कुठं असतं धड?"

ही शंका मला खानापूर तालुक्यात हमखास ऐकायला मिळते, आणि ती रास्त आहे. पावसाळ्यात कणकुंबीकडे दोन-दोन दिवस लाईन नसते. पण गिटला नोंद करायला इंटरनेट लागत नाही. पूर्ण वही, पहिल्या पानापासून, प्रत्येक मशीनवर असते. देवाणघेवाण करायच्या वेळीच जोडणी लागते, आणि तीही पेनड्राईव्हवरून होते. पेनड्राईव्हवर एक रिकामा रेपो करून ठेवायचा, प्रत्येक मशीनवरून त्यात भर घालायची आणि त्यातून घ्यायची. अण्णाच्या दुकानात आम्ही हेच केलंय. सुरुवातीला कॉपी मारायला आणलेला तोच निळा पेनड्राईव्ह.

दुसरी शंका: दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपली घडी न्यावी का? ज्या खात्यात चार माणसं येतात-जातात तिथं अजिबात नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या सोयीनं हलवण्यासारखं आहे ते. स्वतःच्या नावाचं खातं असेल तर न्या, पण हलकी, दहा-बारा ओळींची.

तिसरी, विंडोजच्या मशीनवर फाईल उघडून बदलली तर? जपून. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची असते, युनिक्समध्ये एकाची. ते न दिसणारं जादा चिन्ह आलं की बॅश समोरच्या अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीवर अडतो आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो. गिटला सांगून ठेवता येतं की या फायली नेहमी युनिक्सच्या पद्धतीनंच जतन कर.

आणि चौथी, माझं एकच मशीन आहे, मला काय करायचंय? एकच मशीन असेल तर सिमलिंक, नमुने वगैरे सोडून द्या. फक्त वही ठेवा. काल चालत होतं, आज का चालत नाही, याचं उत्तर त्यात असतं.

## सुरुवात कुठून करायची

सगळ्या डॉटफायली एका रात्रीत गोळा करायला बसू नका. त्यातल्या निम्म्या प्रोग्रॅमनी स्वतःच लिहिलेल्या असतात, त्यांत तुमचं काही नसतं. ज्या फाईलमध्ये तुम्ही स्वतःच्या हातानं ओळ लिहिली आहे ती पहिली घ्या. तिच्या शेजारी, हॅशच्या खुणेपुढे, ती का लिहिली ते आपल्या भाषेत लिहा. मग पहिली नोंद करा. दुसरी फाईल लागेल तेव्हा घ्या.

गेल्या आठवड्यात मी दुकानात गेलो तेव्हा अण्णा तिसऱ्या मशीनवर ग्रामपंचायतीचा एक अर्ज टाइप करत होता. या मशीनवर त्यानं एकही शब्द कोशात टाकला नव्हता. पत्त्यात त्यानं कणकुंबी लिहिलं, खाली लाल रेघ आली नाही. पुढच्या ओळीत गोल्याळी लिहिलं, तिथं रेघ आली.

"हे नाही की यात," म्हणत त्यानं उजवं बटण दाबून शब्द कोशात टाकला, लिबरऑफिस बंद केलं आणि खिशातून निळा पेनड्राईव्ह काढला.